अमेरिकेत फोनबिलाचा ऑटोपे क्रेडिट कार्डावरून हलवताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

बिल दर महिन्याला आपोआप कापलं जायची सोय, म्हणजे ऑटोपे, लावली की अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या लाइनमागे (प्लॅनमधल्या प्रत्येक नंबरमागे) सवलत देतात. टी-मोबाइलने २०२३ मध्ये क्रेडिट कार्डावरच्या ऑटोपेची दर लाइनमागे ५ डॉलरची सवलत काढून घेतली. व्हेरायझनची लाइनमागे १० डॉलरपर्यंतची सवलत बँक खातं, डेबिट कार्ड किंवा त्यांचं स्वतःचं व्हिसा कार्ड असेल तरच मिळते. एटी अँड टीनेही बँक खात्याला एक सवलत आणि कार्डाला कमी, असा भेद केला. हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरीही घोळ होतात, आणि तेच ते होतात. कुणी कंपनीची नोटीस वाचतच नाही आणि वर्षभर जादा पैसे भरतो. कुणी घाईघाईत पगार जमा होतो तेच खातं देऊन मोकळा होतो. कुणी आधी जुनं कार्ड काढून टाकतो, नवं खातं जोडायचं राहून जातं आणि महिनाअखेर फोन बंद. हा लेख या लोकांसाठी आहे.

कंपन्यांना क्रेडिट कार्ड का नको, ते एका उदाहरणात सांगतो. २०० डॉलरचं बिल क्रेडिट कार्डाने भरलं की कंपनीच्या हातून दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चारेक डॉलर जातात. तेच मोठ्या बँकेच्या डेबिट कार्डाने भरलं, तर कायद्याच्या मर्यादेनुसार बँकेला २१ सेंट आणि वर ०.०५ टक्के एवढंच घेता येतं, म्हणजे तीसेक सेंट. थेट खात्यातून घेतले तर खर्च आणखी कमी. ही बचत कंपनीला हवी आहे, आणि खात्यातून पैसे ओढायची किल्ली तुमच्याकडून हवी आहे. किल्ली द्या, पण कोणत्या दाराची ते आधी ठरवा.

## १. आधी बिल उघडा

ॲपमधला मोठ्या अक्षरांतला एकूण आकडा पाहून काही कळत नाही. पीडीएफ बिल उतरवून घ्या आणि प्रत्येक लाइनखाली ऑटोपेची सवलत वेगळी दिसते का ते पाहा. फॅमिली प्लॅनमध्ये पाच लाइन असतील तर पाचही ठिकाणी पाहा. टी-मोबाइलमध्ये ही सवलत जास्तीत जास्त आठ लाइनना मिळते, आणि सगळ्याच प्लॅनना ती लागू असते असंही नाही.

हे करताना नेहमी होणारी एक गफलत म्हणजे फोनच्या हप्त्यावरची सूट आणि ऑटोपेची सूट एकच समजणं. जुना फोन देऊन नवा घेतला असेल, तर २४ किंवा ३६ महिने दर महिन्याला वेगळी वजावट दिसते. तिचा ऑटोपेशी संबंध नाही. ती दिसतेय म्हणून ‘आपली सवलत चालू आहे’ असं धरून बसलेले बरेच जण आहेत.

बिलावरून चार गोष्टी कागदावर उतरवा: बिल तयार होण्याची तारीख, पैसे कापले जाण्याची तारीख, शेवटची मुदत आणि सवलतीची रक्कम. कापण्याची तारीख आणि शेवटची मुदत सहसा एक नसते, कापणी थोडी आधी होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तारखांवर चालतात.

तपासा: व्हेरायझन आणि एटी अँड टीमध्ये ऑटोपेबरोबर कागदी बिल बंद करणंही सवलतीची अट आहे. खातं बरोबर जोडलं, पण कागदी बिल चालूच राहिलं, तर सवलत येत नाही.

## २. हिशेब एकदाच करा, पण पूर्ण करा

चार लाइन, बिल १८० डॉलर, लाइनमागे ५ डॉलर धरले तर सवलत महिन्याला २० डॉलर, वर्षाला २४०. क्रेडिट कार्डावर दोन टक्के परत मिळत असतील तर १८० वर ३ डॉलर ६० सेंट. फोनबिलावर पाच टक्के देणारं बिझनेस कार्ड असलं तरी ९ डॉलर. एकाच लाइनचं ७० डॉलरचं बिल घेतलं तरी पाच टक्क्यांनी साडेतीन डॉलर होतात, सवलत ५. कॅशबॅकच्या नावाने सवलत सोडण्यात अर्थ नाही. ‘पॉइंट्स जातात हो’ अशी हळहळ करणाऱ्यांनी हे आकडे स्वतःच्या बिलावर मांडून पाहावेत.

खरं नुकसान दुसरीकडे होतं. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर फोनचा विमा फुकट असतो, पण फोनबिल त्या कार्डाने भरलं असेल तरच. चेसच्या इंक बिझनेस प्रिफर्ड कार्डावर एका दाव्याला १,००० डॉलरपर्यंत मिळतात आणि १०० डॉलर आपल्या खिशातून जातात. वेल्स फार्गोच्या ॲक्टिव्ह कॅशवर ६०० डॉलरपर्यंत आणि आपले २५. घरात शाळा-कॉलेजातली मुलं असतील तर फुटलेल्या स्क्रीनचा खर्च तुम्हाला मी सांगायला नको. हा विमा टिकवायचा असेल तर सहावी पायरी नीट वाचा. तुमच्या कार्डावर असा विमा नसेल तर ती पायरी सोडून दिलीत तरी चालेल.

## ३. बिलासाठी वेगळं चेकिंग अकाउंट उघडा

चेकिंग म्हणजे रोजच्या देण्याघेण्याचं बँक खातं. बहुतेक जण हीच पायरी गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच. पगाराचं, घरभाड्याचं, भारतात पैसे पाठवायचं खातं फोन कंपनीला देऊ नका. टी-मोबाइलच्या २०२१ च्या डेटाचोरीत साडेसात कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. एटी अँड टीने मार्च २०२४ मध्ये ७.३ कोटी आजी-माजी ग्राहकांची माहिती बाहेर पडल्याचं मान्य केलं. दोन्हींत सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक) होते. अशा ठिकाणी मुख्य खात्याचा नंबर नेऊन ठेवायची काय गरज?

चोरी बाजूला ठेवा, साधी चूकही महागात पडते. क्रेडिट कार्डावर ९०० डॉलरचं चुकीचं बिल लागलं तर वाद मिटेपर्यंत तुमचे पैसे तुमच्याकडेच असतात. बँक खात्यातून ९०० डॉलर गेले तर आधी पैसे जातात, भांडण मागून. त्याच आठवड्यात भाड्याचा चेक वटायचा असेल तर काय होईल ते उघड आहे.

खातं उघडताना हे पाहा:

- महिन्याची फी नको आणि किमान शिलकीची अट नको. क्रेडिट युनियन (सभासदांच्या सहकारी पतसंस्था) आणि ऑनलाइन बँकांत असं खातं सहज मिळतं. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ऑनलाइन अर्ज बहुधा अडतो. त्यांनी पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं आणि पत्त्याचा पुरावा घेऊन मोठ्या बँकेच्या शाखेत जावं.
- शक्यतो बँकच दुसरी निवडा.
- चेकिंगच घ्या. सेव्हिंग्जमधून महिन्याला सहाच वेळा पैसे काढायची केंद्रीय अट २०२० मध्ये उठली, पण काही बँकांनी आपली मर्यादा तशीच ठेवली आहे.
- शिल्लक साधारण दीड बिलाएवढी ठेवा आणि मुख्य खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप इकडे येईल अशी सोय करा. तारीख कापणीच्या किमान पाच दिवस आधीची हवी.

सावधान: हे खातं मुख्य सेव्हिंग्ज खात्याला ‘ओव्हरड्राफ्ट प्रोटेक्शन’ म्हणून जोडू नका. जोडलंत तर इथले पैसे संपल्यावर बँक तिकडून उचलेल, म्हणजे वेगळं खातं काढून उपयोग शून्य. आणखी एक बारीक गोष्ट आहे. दुकानातल्या डेबिट व्यवहारांवर ओव्हरड्राफ्टचा दंड लावायला बँकेला तुमची आधी संमती लागते. ऑटोपेसारख्या नेहमीच्या कापणीला ती लागत नाही. म्हणून शिल्लक कमी झाल्याचा इशारा देणारी सूचना पहिल्याच दिवशी चालू करा.

चार मित्रांनी मिळून एक प्लॅन घेतला असेल तर आणखी एक सोय होते. सगळ्यांचे पैसे झेलवरून (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पैसे पाठवायच्या सेवेवरून) थेट याच खात्यात मागवा. झेलमध्ये एक फोन नंबर किंवा एक ईमेल एका वेळी एकाच बँकेला जोडता येतो. तेव्हा मुख्य बँकेला फोन नंबर आणि बिलाच्या खात्याला ईमेल अशी वाटणी करा. पैसे कुणी दिले, कुणाचे राहिले हे एका स्टेटमेंटवर दिसतं आणि ग्रुपवर रोज आठवण करून द्यायचं काम वाचतं.

## ४. खात्याचा नंबर द्यायचा की डेबिट कार्ड?

एटी अँड टीमध्ये बँक खात्याला सवलत जास्त, तेव्हा तिथे खात्याचा नंबर द्या. टी-मोबाइल आणि व्हेरायझनमध्ये दोन्ही चालतात. तिथेही मी खात्याचाच नंबर सुचवेन, कारण डेबिट कार्डाची मुदत संपते, कार्ड हरवतं, नवा नंबर येतो आणि ऑटोपे गुपचूप बंद पडतो. ‘कार्ड असेल तर लॉक करता येतं’ असा युक्तिवाद ऐकू येतो. त्यावर फार विसंबू नका. कार्ड लॉक असतानाही अनेक बँका दरमहा होणारी जुनी पेमेंट जाऊ देतात.

या बाबतीत होणाऱ्या तीन चुका:

बँकेच्या ॲपमधल्या ‘बिल पे’मधून दर महिन्याला पैसे पाठवायची सोय लावली म्हणजे ऑटोपे झाला, असं नाही. तिथे पैसे तुम्ही पाठवता. सवलतीसाठी कंपनीने ते ओढले पाहिजेत, म्हणून नोंदणी फोन कंपनीच्याच ॲपमध्ये किंवा साइटवर करावी लागते.

ॲपल पे किंवा गूगल पेच्या मागे क्रेडिट कार्ड लपवूनही सवलत मिळत नाही.

तिसरी चूक नंबरांची. राउटिंग नंबर (बँक ओळखायचा क्रमांक) नऊ आकडी असतो आणि काही बँकांत वायरसाठी (बँकेतून थेट पैसे पाठवण्यासाठी) वेगळा, नेहमीच्या कापणीसाठी वेगळा असतो. वायरचा टाकलात तर पेमेंट परत येतं. छापील चेक असेल तर खालच्या ओळीत डावीकडे नऊ आकड्यांचा राउटिंग नंबर, मग खात्याचा नंबर आणि बहुधा शेवटी चेकचा नंबर असतो. घाईत लोक चेकचे ते तीन-चार आकडेही खाते क्रमांकाला जोडून टाकतात. कुणी तर डेबिट कार्डावरचे सोळा आकडेच खाते क्रमांक म्हणून भरतं. बँकेच्या ॲपमधून कॉपी करून चिकटवलं की हा प्रश्नच येत नाही.

## ५. बदल कधी आणि कसा करायचा

योग्य वेळ म्हणजे या महिन्याची कापणी पूर्ण झाल्यानंतर आणि पुढचं बिल तयार व्हायच्या आधी. शेवटच्या मुदतीला दोन-तीन दिवस राहिले असताना साधन बदललंत तर जुन्या कार्डावरची कापणी आधीच रांगेत लागलेली असू शकते. मग पैसे दोन्हीकडून जातील किंवा कुठूनच जाणार नाहीत.

क्रम असा ठेवा:

१. नव्या खात्यात पैसे जमा झाल्याची खात्री करा. आज पाठवले म्हणजे आज पोचले, असं धरू नका.
२. फोन कंपनीच्या ॲपमध्ये नवं खातं ‘पेमेंट मेथड’ म्हणून जोडा. क्रेडिट कार्डाला अजून हात लावू नका.
३. ऑटोपेच्या सेटिंगमध्ये जाऊन साधन बदला. नुसतं खातं जोडल्याने ऑटोपे बदलत नाही. हे दोन वेगळे स्क्रीन आहेत आणि निम्मे लोक पहिल्यावरच थांबतात.
४. काही ठिकाणी ऑटोपे बंद करून पुन्हा चालू करायला सांगतात. असं करावं लागलं तर एकाच बैठकीत करा, ‘संध्याकाळी बघू’ म्हणू नका.
५. पुष्टीचा ईमेल आणि खात्याचे शेवटचे चार आकडे दाखवणारा स्क्रीनशॉट जपून ठेवा.
६. क्रेडिट कार्ड दोन बिलं नीट गेल्यावरच काढा. सहावी पायरी करणार असाल तर काढूच नका.

खातेदार एक आणि ॲप वापरणारा दुसरा, हे आपल्या घरांत फार चालतं. प्लॅन नवऱ्याच्या नावावर, बिलं बायको बघते, आईबाबांच्या लाइनही त्यातच. ऑटोपे बदलायचा अधिकार सहसा मुख्य खातेदाराच्या लॉगिनलाच असतो. बदल करताना ती व्यक्ती जवळ असू द्या, कारण ओटीपी तिच्याच फोनवर येणार.

सावधान: ‘तुमचा ऑटोपे अयशस्वी झाला, इथे क्लिक करा’ असा मेसेज नेमका याच काळात आला की खरा वाटतो. लिंक उघडू नका. ॲप स्वतः उघडून पाहा.

तपासा: पहिल्या बिलात सवलत दिसली नाही तर लगेच फोन करू नका. ती यायला एक-दोन बिलं लागतात. दुसऱ्या बिलातही नसेल तर स्क्रीनशॉट घेऊन चॅटवर जा आणि मागच्या बिलाची सवलतही मागा. फोनपेक्षा चॅट बरं, कारण लेखी राहतं.

## ६. सवलतही हवी आणि कार्डाचा विमाही

ऑटोपेला बँक खातं जोडलेलं ठेवायचं, पण कापणीच्या आधी क्रेडिट कार्डाने हाताने बिल भरून टाकायचं. देणं शून्य झालं की ऑटोपेला ओढायला काही उरत नाही. टी-मोबाइलचे ग्राहक हे सर्रास करतात, कारण तिथे सवलत कोणतं साधन नोंदलं आहे यावर ठरते. इतर कंपन्यांत आधी एक महिना करून पाहा, पुढच्या बिलात सवलत टिकली तरच पुढे चालू ठेवा.

इथे सगळा खेळ तारखांचा आहे. बिल तयार झाल्यावर भरा, त्याआधी नको, नाहीतर अंदाजे रक्कम भरली जाते आणि उरलेले सात-आठ डॉलर खात्यातून कापले जातात. काही कार्डांच्या विम्याला पूर्ण बिल कार्डाने भरलेलं लागतं, तिथे ते सात-आठ डॉलरही नडू शकतात. दुसरीकडे, कापणीच्या आदल्या दिवशीपर्यंत थांबलात तर ऑटोपे आधीच सुटलेला असतो आणि बिल दोनदा भरलं जातं. बिल आल्यापासून चार-पाच दिवसांत भरायचं, अशी कॅलेंडरमध्ये दर महिन्याची नोंद करा. विसरलात तर बँक खातं आहेच, फक्त एक महिना विम्याशिवाय जाईल.

दर महिन्याला हे करायचा कंटाळा येणार हे स्वतःबद्दल माहीत असेल तर सुरुवातच करू नका. किंवा सरळ प्रीपेड सेवेचा विचार करा. मिंट मोबाइलसारख्या ठिकाणी काही महिन्यांचे पैसे एकदम क्रेडिट कार्डाने भरता येतात.

## ७. पैसे चुकीचे गेले तर

आधी कंपनीशी बोला, पण तारीख मोजत बोला. बँकेच्या स्टेटमेंटवर चूक दिसल्यापासून नाही, तर ते स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला कळवावं लागतं. कळवल्यावर बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत छडा लावायचा असतो. जास्त वेळ हवा असेल तर बहुतेक वेळा तात्पुरते पैसे खात्यात टाकून ४५ दिवसांपर्यंत तपास करता येतो. ‘कंपनी बघते म्हणाली’ यावर दोन महिने घालवलेत तर हा हक्क हातून जातो.

पुढची कापणीच थांबवायची असेल तर ठरलेल्या तारखेच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी बँकेला सांगा. तोंडी सांगितलं तरी चालतं, पण बँक १४ दिवसांत लेखी मागू शकते, म्हणून लगेच लेखीही द्या. कापणी थांबली म्हणून बिल माफ होत नाही. वाद नसलेली रक्कम दुसऱ्या मार्गाने भरा, नाहीतर लाइन बंद होईल.

लाइन बंद झाली की दुसरंच संकट उभं राहतं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. बँकेत शिरायला फोन हवा आणि फोन सुरू करायला बँक हवी. बिलाच्या खात्याला आणि मुख्य खात्यालाही ऑथेंटिकेटर ॲप किंवा ईमेलचा दुसरा मार्ग आजच जोडून ठेवा.

कंपनी दाद देत नसेल तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, साधी तक्रार करा. ती फुकट असते, फॉर्म ऑनलाइन आहे आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीत राग ओतू नका. तारीख, रक्कम, कुणाशी काय बोलणं झालं आणि तुम्हाला नेमकं काय हवं, एवढंच लिहा.

## ८. भारतात परतताना किंवा कंपनी बदलताना

इथे क्रम उलटा होतो. बँक खातं सर्वांत शेवटी बंद करायचं. नंबर दुसरीकडे नेल्यावर किंवा लाइन बंद केल्यावर एक अखेरचं बिल येतं. त्यात फोनच्या हप्त्याची उरलेली सगळी रक्कम एकदम लागू शकते, कारण लाइन गेली की हप्त्यावरची सूटही थांबते. दीड बिलाची शिल्लक त्याला पुरणार नाही. ती रक्कम आधी ॲपमध्ये पाहून खात्यात ठेवा.

अमेरिकेतला नंबर बँकांच्या ओटीपीसाठी टिकवायचा असेल तर लाइन चालू असतानाच तो हलवा. एकदा लाइन बंद केली की नंबर परत मिळेलच असं नाही. नंबर नेण्यासाठी लागणारा ट्रान्सफर पिन कंपनीच्या ॲपमधून घ्यावा लागतो आणि तो थोडे दिवसच चालतो. लाइन बंद झाल्यावर ॲपमध्ये शिरता येईलच असं नाही, म्हणून मागची सगळी बिलं आधी उतरवून घ्या. तुमचं येणं निघत असेल तर परताव्याचा चेक नोंदलेल्या पत्त्यावर टपालाने येऊ शकतो. तेव्हा विमान पकडण्याआधी फोन कंपनीकडे नोंदलेला पत्ता बदलून इथेच राहणाऱ्या एखाद्या मित्राचा द्या. मात्र चेक तुमच्या नावाचा असल्याने तो बँकेच्या ॲपमधून फोटो काढून जमा होईपर्यंत बँक खातं चालू ठेवावं लागेल.